रिकाम्या नळीचा स्पेक्ट्रम

तांब्याच्या संयुगाचा ईएसआर काढला की चार रेघा दिसतात, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तकातल्या आकृतीत त्या दिसतातही. आमच्या गाईडसरांच्या प्रबंधात दिसतात, त्यांच्या गाईडच्या प्रबंधात दिसतात, आणि या घराण्यात आपलंही नाव लागावं एवढीच माझी माफक इच्छा होती. तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला पीएच.डी. कशाला हवी असते हे उघड आहे. ज्ञानासाठी. शिवाय तेव्हा वेतनवाढी मिळायच्या.

विषयही घराण्याच्या रिवाजाला धरूनच होता: शिफ बेस. ह्यूगो शिफ या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८६४ साली हे पदार्थ तयार केले, तेव्हा आपण पुढे मराठी मुलखातल्या केवढ्या प्राध्यापकांची प्रमोशनं करून देणार आहोत याची त्याला कल्पना नसणार. सॅलिसिलाल्डिहाइड घ्यायचं, त्यात एक अमाइन घालायचं, उकळायचं, गाळायचं. पिवळं काहीतरी मिळतं. त्यात तांबं घातलं की हिरवं, निकेल घातलं की निराळं हिरवं, कोबाल्ट घातलं की तपकिरी. रंग बदलला म्हणजे नवं संयुग झालं, आणि नवं संयुग झालं म्हणजे त्याचे ‘स्टडीज’ आले. बाकीचे स्टडीज आमच्या विद्यापीठात उरकले. ईएसआर राहिला. त्यासाठी मुंबईच्या एका उपकरण-केंद्रात जावं लागे.

“चार रेघा घेऊन या,” सर म्हणाले, “तुमचं चौथं प्रकरण झालंच म्हणून समजा.”

ईएसआर म्हणजे इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स. जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात ठेवला, तर त्याचं इवलंसं चुंबकत्व क्षेत्राच्या बाजूनं तरी उभं राहतं नाहीतर उलट दिशेनं. तिसरा पवित्रा नाही. या दोन पवित्र्यांच्या ऊर्जेत जो फरक पडतो, नेमक्या तेवढ्या ऊर्जेच्या मायक्रोवेव्ह सोडल्या की इलेक्ट्रॉन त्या गिळतो आणि उडी मारतो. मायक्रोवेव्ह ९.५ गिगाहर्ट्झच्या ठेवल्या तर ही उडी साधारण ३४०० गॉसला पडते. पृथ्वीचं क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास असतं, म्हणजे मॅग्नेट बऱ्यापैकी दांडगा लागतो. उडी पडली की कागदावर रेघ उमटते. आता एका उडीच्या चार रेघा कशा होतात, ही खरी गंमत. ती सांगायला मी वर्गात चाळ वापरतो.

इलेक्ट्रॉन चाळीतल्या एका खोलीत एकटा राहतो. भिंतीपलीकडे अणुकेंद्रक. तांब्याचं अणुकेंद्रक हाही एक छोटा चुंबक आहे आणि तो चार मनःस्थितींत राहू शकतो. शेजाऱ्याचा मूड जसा असेल तसा भिंतीतून येणारा आवाज कमी-जास्त होतो, आणि त्या प्रमाणात आपल्या इलेक्ट्रॉनला बाहेरच्या मॅग्नेटचं क्षेत्र थोडं वाढल्यासारखं किंवा कमी झाल्यासारखं वाटतं. सगळ्या चाळीत मिळून चार मूडचे शेजारी सारखेच असतात, म्हणून रेघा चार. मँगनीजचा शेजारी सहा मूडचा, व्हॅनेडियमचा आठ, नायट्रोजनचा तीन. रेघा मोजा आणि शेजारी ओळखा. याला हायपरफाइन म्हणतात. आणि एकाच खोलीत दोन किंवा अधिक एकटे इलेक्ट्रॉन कोंबलेले असले, तर त्यांची आपसांत जी धुसफुस चालते ती फाइन. घरातली धुसफुस शेजारच्या आवाजापेक्षा बहुधा फार मोठी असते, हे लग्न झालेल्या मुलांना जास्त लवकर कळतं.

हे सगळं मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवलं होतं, त्यामुळे मला ते येतं याबद्दल मला शंका नव्हती.

केंद्रातलं यंत्र एका तळघरवजा खोलीत होतं. दोन बाजूंना मॅग्नेटची दोन अजस्र चाकं, मध्ये बोटभर फट, त्या फटीत पितळी डबीएवढी कॅव्हिटी, आणि बाजूला कागदावर रेघ ओढणारा रेकॉर्डर. यंत्र चालवणारे जे टेक्निकल असिस्टंट होते त्यांना सगळे साहेब म्हणत. त्यांच्याकडे पदवी बी.एस्सी.ची होती आणि डोक्यात त्या खोलीतून गेलेल्या सगळ्या पीएच.ड्या. माणूस शांत, हसणं मिशीच्या आत. ते मला ‘प्राध्यापक’ म्हणत. पहिल्या दिवशी मला त्यात आदर ऐकू आला.

पहिला नमुना मी निकेलचा लावला. का, तर त्याचा हिरवा रंग तांब्यापेक्षा उजळ होता, आणि सुरुवात चांगल्यानं करावी. साहेबांनी फॉर्म वाचला.

“प्राध्यापक, अनपेअर्ड इलेक्ट्रॉन दोन लिहिलेत.”

“दोन आहेत,” मी अभिमानानं म्हणालो. “तांब्यात एकच असतो.”

“मग लावू?”

“लावा की. एकापेक्षा दोन बरे.”

त्यांनी नळी लावली. रेकॉर्डरचा पेन कागदाच्या डावीकडून निघाला आणि उजवीकडे पोचला. वाटेत त्याला काहीही भेटलं नाही. मी गेन वाढवायला सांगितलं. पेन थरथरू लागला. आणखी वाढवायला सांगितलं, तेव्हा तो कागदभर नाचला आणि त्या नाचात मला तीन ठिकाणी सिग्नल दिसला. साहेबांनी तेच परत चालवलं. सिग्नल दुसऱ्या तीन ठिकाणी गेले होते.

निकेलच्या एका खोलीत दोन इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांची धुसफुस बाहेरचा मॅग्नेट चालू करण्याआधीपासूनच चाललेली असते. तिच्यामुळे ऊर्जेच्या पायऱ्या एकमेकींपासून इतक्या लांब जातात की आमच्या मायक्रोवेव्हची उडी तिथवर पोचतच नाही. हेन्ड्रिक क्रेमर्स यांनी १९३० साली सिद्ध करून ठेवलंय की इलेक्ट्रॉनांची संख्या विषम असेल तर क्षेत्र नसताना पायऱ्या निदान जोडीजोडीनं एकत्र राहतात, मॅग्नेटनं ती जोडी फोडता येते, सिग्नलला वाव राहतो. सम संख्येला अशी कसलीही हमी नाही. हा सिद्धान्त मी परीक्षेत पाच मार्कांना विचारायचो. एका मुलानं त्याचं उत्तर सुरेख लिहिलं होतं, त्याला मी साडेतीन दिले होते.

“हे तुम्हाला आधीच माहीत होतं?” मी साहेबांना विचारलं.

“फॉर्मवरच कळलं. पण तुम्ही दोन बरे म्हणालात.”

परत गेल्यावर सरांनी मला झावोइस्कीची गोष्ट सांगितली. येव्गेनी झावोइस्की, सोव्हिएत रशियातलं कझान शहर, महायुद्धाचा काळ. १९४१ साली त्यांनी अणुकेंद्रकाचा रेझोनन्स पकडायचा प्रयत्न केला, तो काही नीट हाती लागला नाही. मग १९४४ साली इलेक्ट्रॉनचा पकडला, तोही तांब्याच्या आणि मँगनीजच्या साध्या क्षारांत. मायक्रोवेव्ह तर सोडाच, रेडिओच्या पट्ट्यातली १३३ मेगाहर्ट्झ वापरून, कॉपर क्लोराइडचा सिग्नल ४७.६ गॉसला. मॉस्कोतल्या लोकांना खरं वाटेना, तेव्हा तिकडे जाऊन भौतिकशास्त्रज्ञ कापित्सांच्या संस्थेत सगळं उपकरण पुन्हा जुळवून दाखवावं लागलं. “आधी कुणाचा विश्वास बसत नाही,” सर म्हणाले. गोष्ट प्रेरणादायी होती, पण माझी अडचण उलटी होती. माझ्यावर सरांचा, प्राचार्यांचा, बायकोचा, सगळ्यांचा विश्वास होता. न दिसण्याचं काम इलेक्ट्रॉन करत होता.

मग तांबं. संयुग जेमतेम विरघळत होतं, म्हणून मी डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये घालून वर थोडं पाणी मारलं होतं. थोडं म्हणजे अर्ध्याहून जास्त. नळी कॅव्हिटीत गेली आणि साहेबांच्या समोरच्या पडद्यावर एक खोल खाच असायची, जिला ते ‘डिप’ म्हणत आणि जिच्याकडे ते देवघरात बघावं तसं बघत, ती नाहीशी झाली. त्यांनी स्क्रू फिरवला. परत फिरवला. मग नळी बाहेर काढून दिव्यासमोर धरली.

“पाणी आहे यात?”

पाणी मायक्रोवेव्ह पिऊन टाकतं. स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हमध्ये आमटी गरम होते ती त्याच कृपेनं. कॅव्हिटीत इलेक्ट्रॉनसाठी म्हणून जे ताट वाढलेलं असतं ते पाणीच फस्त करतं. पाण्यातले नमुने लावायचेच तर केसाएवढ्या बारीक नळीत किंवा चपट्या पात्रात लावतात. नाहीतर गोठवतात, कारण बर्फ द्रवासारखा अधाशीपणा करत नाही. गोठवू या, मी म्हणालो. केंद्राची क्वार्ट्झची नळी, त्यात माझं पाणीदार तांबं, आणि बाहेर उणे १९६ अंश सेल्सिअसचा लिक्विड नायट्रोजन. पाणी गोठताना फुगतं, हे सातवीच्या पुस्तकात आहे. नळीचा ‘टक्’ असा नाजूक आवाज झाला. साहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. रजिस्टर उघडलं आणि ‘मोडतोड’ या रकान्यात माझं नाव लिहिलं. ग्लिसरीन घालून गोठवलं असतं तर काचेसारखं गोठलं असतं आणि नळी वाचली असती, असं नंतर कळलं.

त्याच दुपारी, मॅग्नेटजवळ जास्त वेळ वाकून बघितल्यामुळे, सासऱ्यांनी लग्नात दिलेलं चावीचं घड्याळ बिघडलं. पुढे ते कधी तासाला दहा मिनिटं पुढे जायचं, कधी दुपारपासून थांबून राहायचं. सासरे घरी आले की मी ते घालतो आणि वेळ विचारली की बायकोकडे बघतो.

क्वार्ट्झच्या नळीची किंमत ऐकल्यावर मी ठरवलं की पुढच्या वेळी नळ्या घरच्या न्यायच्या. विभागात काचेची नळी भरपूर होती. बनसेन बर्नरवर ओढून, एक टोक बंद करून मी स्वतः नळ्या केल्या. थोड्या वाकड्या झाल्या, पण वाया काही गेल्या नाहीत. पैसे वाचवले याचा आनंद इतका होता की क्वार्ट्झच का वापरतात हा प्रश्न डोक्यात शिरायला जागाच राहिली नाही.

आणि या नळ्यांनी चमत्कार केला. तांब्याची कोरडी पूड भरून लावली. ३४०० गॉसच्या अलीकडे एक रुंद, आळशी उंचवटा आला. चार रेघा नाहीत. पण तिथून फार डावीकडे, १६०० गॉसच्या जरा आत, एक सुबक सिग्नल! जो उंचवटा यायला हवा होता त्याच्या जवळपास निम्म्या क्षेत्रावर.

आता निम्म्या क्षेत्रावरचा सिग्नल ही साधी गोष्ट नव्हे. तांब्याचे दोन अणू शेजारी शेजारी येऊन त्यांच्या इलेक्ट्रॉनांनी हातमिळवणी केली, तर नेहमीच्या सिग्नलच्या निम्म्यावर असा एक क्षीण सिग्नल दिसतो. म्हणजे माझं संयुग जोडीदार तांब्याचं होतं! कुणाला न सुचलेलं! परतीच्या पॅसेंजरमध्ये मी प्रकरणाचा आराखडा केला, आणि घरी पोचल्यावर जेवायच्या आधी शीर्षकसुद्धा लिहून टाकलं. सरांना दाखवलं. सर दोन्ही हातांनी चष्मा पुसत म्हणाले, “बायन्यूक्लियर!” पुढे आठवडाभर त्यांनी मला घरचा चहा दिला. सिद्धान्त मी खूप वाढवला. तांब्याच्या जोडीतलं अंतर काढलं. त्यांच्यातल्या आकर्षणाची कारणं दिली. एका पानावर त्या दोन अणूंचं चित्र होतं, मध्ये तुटक रेघ, आणि ती तुटक रेघ मी तांबड्या शाईनं काढली होती.

पुढच्या वेळी तो सिग्नल आणखी बारकाईनं मोजायला गेलो. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं, तांबड्या शाईची तुटक रेघही बघितली.

“प्राध्यापक, एकदा रिकामी नळी लावू का?”

“रिकाम्या नळीत काय असणार?”

“तेच बघू.”

रिकामी नळी आत गेली. पेन निघाला, आणि १६०० गॉसच्या जरा आत त्यानं तोच सुबक सिग्नल काढला. माझं तांबं टेबलावर कागदाच्या पुडीत होतं. तांब्याची जोडी, त्यांच्यातलं अंतर, त्यांचं आकर्षण, सगळं त्या पुडीतच राहिलं होतं. कॅव्हिटीत फक्त काच होती.

साध्या काचेत लोखंड असतं, अगदी किंचित. त्या लोखंडाचे तीन धन भार असलेले अणू काचेच्या वेड्यावाकड्या जागांत अडकलेले असतात, प्रत्येकात पाच एकटे इलेक्ट्रॉन, आणि त्यांच्या घरातली धुसफुस इतकी जबर आणि इतकी वाकडी की त्यांचा सिग्नल सरकून ४.३ या जी-मूल्याला येतो. जी-मूल्य म्हणजे सिग्नल कुठे पडतो ते सांगणारा आकडा, क्षेत्र निम्मं झालं की तो दुप्पट होतो. मोकळ्या इलेक्ट्रॉनचं जी-मूल्य २.००२३. निम्म्या क्षेत्राच्या सिग्नलला जी चारच्या आसपास यायला हवा होता. मी चार आणि चार पॉइंट तीन यांतला फरक ‘प्रायोगिक त्रुटी’ म्हणून सोडून दिला होता. माझ्या वाक्यात त्रुटी प्रयोगाची होती. क्वार्ट्झ का वापरतात त्याचं उत्तर हे. चांगल्या क्वार्ट्झमध्ये लोखंड जवळपास नसतंच.

माझं सगळ्यांत मौलिक संशोधन हे असं विभागाच्या काचसामानाबद्दल निघालं.

ही बातमी सरांना सांगताना मी प्रस्तावनेसाठी धर्मट्टींचा आधार घेतला. एस. एस. धर्मट्टींनी १९५१ साली स्टॅनफर्डमध्ये आपल्या सहकाऱ्यांबरोबर साध्या अल्कोहोलच्या प्रोटॉनांचे तीन वेगवेगळे सिग्नल दाखवले, आणि मग भाभांच्या बोलावण्यावरून ते मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. म्हणजे मुंबईत चुंबकीय रेझोनन्सची परंपरा थोर आहे, तिच्यात असे प्रसंग... सरांनी मला मध्येच थांबवलं. “ते अल्कोहोल मोजत होते,” ते म्हणाले. “बाटली नाही.”

त्यांनी मला एक काम दिलं. जोडीदार तांबं बघायचंच आहे ना, तर ज्यात ते खरोखर आहे असं संयुग घ्या: कॉपर अ‍ॅसिटेट. बाजारात मिळतं, स्वस्त आहे, आणि तुम्हाला करायचं नाही म्हणजे बिघडवताही येणार नाही. हात बसेल.

कॉपर अ‍ॅसिटेटचा इतिहास खरं तर माझ्या प्रबंधापेक्षा वाचनीय आहे. इतर बहुतेक चुंबकीय क्षार थंड केले की त्यांचं चुंबकत्व वाढत जातं. बी. सी. गुहा यांनी १९५१ साली छापलेल्या मोजमापांत या क्षाराचं मात्र थंडीबरोबर उलट घसरत गेलेलं दिसलं. मग १९५२ साली ऑक्सफर्डमध्ये ब्लीनी आणि बॉवर्स यांनी त्याचा ईएसआर बघून सांगितलं की यात तांब्याचे अणू जोड्यांनी बसलेत. जोडीतले दोन इलेक्ट्रॉन परस्परविरुद्ध उभे राहिले की त्यांचं चुंबकत्व शून्य होतं. थोडी ऊब मिळाली तरच ते एका दिशेनं उभे राहतात आणि दिसतात. जोडी दिसते तेव्हा शेजारीही दोन असतात, म्हणून हायपरफाइन रेघा चार नाहीत, सात. स्फटिकाची रचना क्ष-किरणांनी निघाली ती १९५३ साली, आणि तांब्याचे दोन अणू खरंच शेजारी निघाले, २.६४ अँगस्ट्रॉमवर. नुसत्या रेघा बघून या लोकांनी खोल्यांचा नकाशा काढला होता. मला खोलीही सापडत नव्हती.

हे सगळं मी नंतर वाचलं. आधी मी नमुना थंड केला.

त्याला कारण होतं. खोलीच्या तापमानाला वर-खाली उभ्या असलेल्या इलेक्ट्रॉनांत फरक किती, तर दहा हजारांत सात-आठ. सगळा ईएसआर या सात-आठ जणांच्या जिवावर चालतो. थंड केलं की हा फरक वाढतो. लिक्विड नायट्रोजनच्या तापमानाला तो जवळजवळ चौपट होतो. चौपट सिग्नल! साहेबांना म्हटलं, खोलीच्या तापमानाला कशाला वेळ घालवायचा, सरळ नायट्रोजनमध्येच लावा. साहेबांनी मिशीच्या आत काहीतरी केलं आणि लावलं. पेन डावीकडून निघाला, उजवीकडे पोचला. निकेलची आठवण झाली. गेन वाढवल्यावर कुठे जोडीचे क्षीण अवशेष दिसले, आणि २९०० गॉसच्या आसपास बारीक बारीक उचक्या. मी मोजल्या. एक, दोन, तीन, चार.

“साहेब! चार!”

“अशुद्धी आहे ती,” साहेब म्हणाले. “जोड्या थंडीत गप्प झाल्या. जोडी न जमलेले चार-दोन तांबे मागे राहतात, ते दिसतायत.”

म्हणजे तांब्याच्या चार रेघा मला पहिल्यांदा भेटल्या त्या कारखान्याच्या बाटलीतल्या भेसळीच्या. पण त्यात एक धडा उघड होता, आणि तो एव्हाना मलाही दिसला. गर्दीतून वेगळं पडलेलं तांबं बोलतं. माझ्या शुद्ध, घट्ट, शंभर टक्के तांब्याच्या पुडीत सगळे इलेक्ट्रॉन इतके जवळजवळ राहत होते की कुणालाच आपल्या शेजाऱ्याचा आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून तो रुंद आळशी उंचवटा. तांब्याच्या हायपरफाइन रेघा घनपदार्थात प्रथम दिसल्या १९४९ साली, लायडनमध्ये काम करणाऱ्या पेनरोज यांना, तेही तांब्याचा क्षार दुसऱ्या, चुंबकत्व नसलेल्या क्षारात पातळ केल्यावरच. मीही तेच करायचं ठरवलं. शंभरात नव्याण्णव भाग जस्ताचं संयुग, एक भाग तांब्याचं. जस्ताकडे एकटा इलेक्ट्रॉन नसतो. ते भाडेकरू काही बोलत नाहीत.

संयुग झालं. विभागातल्या दगडी खलात कुटलं, क्वार्ट्झच्या नळीत भरलं (केंद्राच्या, डिपॉझिट देऊन), साहेबांनी लावलं, आणि रेकॉर्डरनं काढलेला स्पेक्ट्रम बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. स्वच्छ, धारदार, समान अंतरावर उभ्या रेघा. मोजल्या. सहा.

“दोन जास्त आल्या,” मी म्हणालो. माझ्या आवाजात तक्रार नव्हती.

साहेबांनी पट्टी लावून अंतर मोजलं. साधारण ९० गॉस. मग नळी काढून, वास घेतल्यासारखी नाकाजवळ नेली. “कशात कुटलंत?”

खलात. त्या खलात आदल्या दिवशी बी.एस्सी.च्या मुलांनी डस्टलेस खडू कुटला होता, कॅल्शियम कार्बोनेट किती निघतं ते काढायला. खडू चुनखडीचा, आणि चुनखडीत मँगनीज किंचित असतंच. त्याच्या सहा रेघा इतक्या अरुंद असतात की चिमूटभर खडूही मोठ्या तोऱ्यात उभा राहतो. खात्री करायला साहेबांनी माझ्या शर्टाच्या खिशातला खडूचा तुकडा मागून घेतला (प्राध्यापकाच्या खिशात तो असतोच, त्यांना माहीत होतं) आणि त्याची पूड लावली. माझ्या संपूर्ण संशोधनातला सर्वोत्तम स्पेक्ट्रम त्या खडूचा आहे. कसल्या रेघा! मग आम्हाला दोघांनाही जरा चेव आला. साहेबांनी कपाटातली चहाची पत्ती काढली. चहाचं झाड जमिनीतलं मँगनीज ओढून पानांत साठवतं. पत्तीनंही सहा रेघा दिल्या, वर मधोमध सेंद्रिय मुक्तमूलकाची एक टोकदार रेघ. मग साहेबांनी त्याच पत्तीचा चहा केला, आणि त्या खोलीत पहिल्यांदाच ते मला ‘सर’ म्हणाले. मला वाटतं, साखर किती विचारायच्या ओघात.

नवा खल, नवं संयुग, आणि तांब्याच्या चार रेघा आल्या. त्याबद्दल सांगण्यासारखं विशेष काही नाही. आल्या, सरांनी बघितल्या, चौथं प्रकरण झालं, पुढे डिग्रीही मिळाली. खरी तोंडी परीक्षा विद्यापीठात झाली नाही. ती आमच्या कॉलेजच्या ऑफिसात झाली, हिशेब बघणाऱ्या भाऊसाहेबांसमोर.

यूजीसीच्या मायनर प्रोजेक्टमधून ईएसआरचा खर्च द्यायचा होता आणि केंद्राचं बिल आलं होतं. साहेब नोंदीच्या बाबतीत धर्मराज. त्यांनी प्रत्येक नमुना जसाच्या तसा लिहिला होता. भाऊसाहेबांनी बिल टेबलावर पसरलं, चष्मा कपाळावर घेतला आणि पेन्सिलीनं एकेक ओळ वाचायला लागले.

“निकेल संयुग. शेरा: काही नाही. हे काही नाही म्हणजे?”

“सिग्नल आला नाही.”

“मग पैसे कसले? काम झालं नाही तर बिल देत नाही आपण. प्लंबरलासुद्धा.”

मी क्रेमर्सचा सिद्धान्त सांगू लागलो. त्यांनी हात वर केला आणि ओळीसमोर फुली मारली.

“मोडतोड, नळी एक. बरं. रिकामी नळी.” ते थांबले. “रिकाम्या नळीचेही भरलेल्या नळीएवढेच पैसे?”

“त्यात लोखंड होतं, भाऊसाहेब.”

“मग रिकामी का लिहिली?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण भाऊसाहेबांकडे अनुभव होता. “काचसामान या हेडखाली टाकतो,” ते म्हणाले, आणि ती ओळ पास झाली. खडूवर त्यांनी जास्त वेळ घेतला. खडू कॉलेजचा असल्यामुळे डेड स्टॉक रजिस्टरला त्याची नोंद असायला हवी, आणि तो कॉलेजच्या हद्दीबाहेर नेण्याची प्राचार्यांची लेखी परवानगी दिसत नव्हती. शेवटी ‘शैक्षणिक साहित्याची गुणवत्ता तपासणी’ असं लिहून तोही पास झाला. चहापत्ती कार्यालयीन खर्चात गेली.

उरली शेवटची ओळ. माझ्या चार रेघा. एकमेव खरा, निर्दोष, प्रबंधात छापलेला स्पेक्ट्रम. भाऊसाहेबांनी फॉर्मची झेरॉक्स समोर धरली.

“नमुना: तांब्याचं संयुग. आणि इथं खाली रचना लिहिलीय. जस्त नव्याण्णव टक्के, तांबं एक टक्का.”

“हो. पातळ करावं लागतं.”

“एक टक्का तांबं घालायचं, आणि बिल अख्ख्या तांब्याचं लावायचं?” भाऊसाहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. “सर, ऑडिटला मी काय सांगू?”

आणि त्या ओळीसमोर त्यांनी तांबड्या पेन्सिलीनं लिहिलं: आक्षेप. खुलासा मागवावा.